डिस्चार्ज बुकवरचं कारण चुकलं असेल तर: इंदूर-महूच्या माजी सैनिकांसाठी दुरुस्तीची वाट

फौजेतून सुटताना हातात पडणाऱ्या डिस्चार्ज बुकात एक ओळ असते: सेवा कुठल्या नियमाखाली आणि कशामुळे संपली. निघायच्या गडबडीत ती कोणी वाचत नाही. क्लिअरन्स, सामान, गाडीचं वॉरंट यांतच जीव अडकलेला असतो. मग बँकेत गार्डची जागा निघते, किंवा माजी सैनिकाचं ओळखपत्र काढायला माणूस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो. तिथला बाबू बोट ठेवून विचारतो, ‘‘इथे ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ लिहिलंय, हे काय?’’ म्हणजे ‘सेवेची आता गरज नाही’.

ही ओळ बदलता येते. पण लोक बहुधा चुकीच्या दारापासून सुरुवात करतात. त्या कार्यालयाला, म्हणजे सैनिक बोर्डाला, ती बदलण्याचा अधिकार नाही. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून ती बदलत नाही. नावातल्या बदलासारखी राजपत्रात जाहिरात देऊनही बदलत नाही. बदल होतो तो सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या मूळ नोंदीत, किंवा त्या नोंदीमागचा आदेश रद्द झाल्यावर. पहिलं काम म्हणजे चूक नक्की कुठल्या कागदावर झाली ते शोधणं.

त्या एका ओळीवर काय अवलंबून असतं

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतली ‘माजी सैनिक’ ही व्याख्या १९७९ च्या पुनर्नियुक्ती नियमांतून येते, आणि २०१२ मध्ये ती सुधारली गेली. त्यात सुटण्याचं कारणच कसोटी आहे. पेन्शन कमावून सुटलेला माणूस, मग तो स्वतःच्या विनंतीवरून सुटला असला तरी, माजी सैनिक. सेवेमुळे आलेल्या किंवा स्वतःच्या हातात नसलेल्या वैद्यकीय कारणावरून सुटलेला आणि अपंगत्व पेन्शन मिळालेला, तोही. आस्थापना कमी केल्यामुळे सोडलेलाही त्यात येतो. ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेलाही येतो, पण तिथे अट आहे: तो स्वतःच्या विनंतीवरून, बडतर्फीनं, किंवा गैरवर्तन अथवा अकार्यक्षमतेमुळे सुटलेला नसावा. पेन्शनला लागणारी १५ वर्षं न भरलेल्या जवानाचं सगळं भवितव्य या अटीवर लटकलेलं असतं.

पेन्शनचंही तसंच. बडतर्फ झालेल्याला ती सहसा मिळत नाही. अपंगत्व पेन्शनसाठी सेवा वैद्यकीय कारणानं संपली की दुसऱ्या कशानं, हा पहिला प्रश्न असतो. स्वतःच्या विनंतीवरून सुटलेल्यांना पूर्वी ही पेन्शन नाकारली जायची. संरक्षण मंत्रालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या पत्रानं १ जानेवारी २००६ नंतर सुटलेल्यांसाठी ते दार उघडलं, मात्र अपंगत्व असूनही त्यांना सेवेत ठेवलेलं असावं ही अट आहे. उलट ७ नोव्हेंबर २०१५ च्या वन रँक वन पेन्शनच्या अधिसूचनेनं त्यापुढे स्वतःच्या विनंतीवरून सुटणाऱ्यांना वगळलं, आणि त्यावर कोर्टबाजी झालेली आहे.

एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. डिस्चार्ज बुकात ‘कॅरेक्टर’ म्हणून जो शेरा असतो (एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड वगैरे) तो म्हणजे सुटण्याचं कारण नव्हे. शेरा ‘व्हेरी गुड’ आणि कारण ‘नो लाँगर रिक्वायर्ड’ असं असू शकतं. ही विसंगती पुढे तुमच्याच कामी येते, पण अर्जात दोन्हींची खिचडी करू नका.

नियम तेराचा तक्ता वाचायला शिका

थलसेनेतल्या जवानाचा डिस्चार्ज आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २२ आणि आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ खाली होतो. नियम १३(३) मध्ये एक तक्ता आहे. त्यात एका बाजूला कारण आणि दुसऱ्या बाजूला ते कारण वापरून सोडण्याचा अधिकार कोणाला, असं दिलेलं आहे. पहिला आयटम जेसीओंचा (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदार वगैरे). तिसरा आयटम शपथविधी झालेल्या जवानांचा, आणि बहुतेक भांडणं तिथलीच. कागदावर हे आकडे रोमन अंकांत असतात.

तीन (एक): भरतीच्या अटी पूर्ण झाल्या, म्हणजे नेहमीची निवृत्ती. तीन (तीन): पुढील सेवेसाठी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र, आणि तेही फक्त इनव्हॅलिडिंग बोर्डाच्या, म्हणजे सेवेला अपात्र ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या, शिफारशीवरून. तीन (चार): अटी पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून. तीन (पाच): उरलेले सगळे प्रकार. ही शेवटची मोठी पोतडी आहे. ‘नो लाँगर रिक्वायर्ड’, ‘अनडिझायरेबल’ (नकोसा), ‘इनएफिशियंट’ (अकार्यक्षम) हे सगळं तिच्यात टाकलं जातं. पण ती वापरण्याचा अधिकार ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा आहे, आणि परिस्थिती परवानगी देत असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. चौथा आयटम शपथ न झालेल्या रिक्रूटांचा. ‘चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही’ हे वाक्य तिथून येतं.

या तक्त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आहेत आणि उपकलमांचे आकडे हलले आहेत. म्हणून आजचा नियम घेऊन वीस वर्षांपूर्वीच्या डिस्चार्जवर वाद घालू नका. सुटण्याच्या तारखेला जो तक्ता लागू होता तोच काढा.

बडतर्फी ही वेगळीच वाट. कलम २० आणि नियम १७ खालची प्रशासकीय बडतर्फी, किंवा कोर्ट मार्शलची शिक्षा म्हणून झालेली बडतर्फी. तिला ‘डिस्चार्ज’ म्हणत नाहीत. ती डिस्चार्जमध्ये बदलून मागणं हा मोठा दावा आहे, तो साध्या अर्जानं सुटत नाही. वायुसेनेत हेच काम एअर फोर्स रूल्स १९६९ च्या नियम १५ खाली चालतं.

आर्मी ॲक्टचं कलम २३ बहुतेकांना ठाऊक नसतं. सेवा संपलेल्या प्रत्येक जेसीओला आणि जवानाला कमांडिंग ऑफिसरनं प्रमाणपत्र द्यायचंच असतं. त्यात तीन गोष्टी हव्यात: सेवा कोणत्या अधिकाऱ्यानं संपवली, कारण काय, आणि एकूण सेवा किती. ते इंग्रजीत आणि जवानाच्या मातृभाषेतही द्यायचं असतं. तुमच्या कागदावर अधिकारी किंवा कारण यांपैकी एक जागा कोरी असेल, तर अर्जाचा पहिला मुद्दा तयार झाला.

चूक चार ठिकाणी असू शकते

पहिली, लिहिण्यातली. आदेश बरोबर, पार्ट टू ऑर्डर (सेवेतले बदल प्रसिद्ध करणारा अधिकृत आदेश) बरोबर, पण डिस्चार्ज बुकात उतरवताना उपकलम चुकलं. तीन (एक) च्या जागी तीन (चार) पडलं. हे सर्वांत सोपं. कागद समोरासमोर ठेवले की रेकॉर्ड ऑफिस दुरुस्त करतं.

दुसरी, चुकीचा रस्ता वापरल्याची. याचं ठळक उदाहरण लो मेडिकल कॅटेगरीतल्या, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीतल्या, जवानांचं. त्यांना इनव्हॅलिडिंग बोर्डासमोर न नेता, योग्य हलकी जागा नाही म्हणून सोडून दिलं जायचं. सर्वोच्च न्यायालयानं ‘भारत सरकार विरुद्ध राजपाल सिंग’ (२००८) मध्ये सांगितलं की वैद्यकीय अपात्रतेवरून सोडायचं तर इनव्हॅलिडिंग बोर्डाचीच वाट धरावी लागते. त्यात भर म्हणून कॅज्युअल्टी पेन्शनच्या १९८२ च्या नियमांतला नियम ४ लक्षात ठेवा. भरतीच्या वेळेपेक्षा खालच्या वैद्यकीय श्रेणीत सुटलेला माणूस ‘इनव्हॅलिड होऊन सुटलेला’ मानायचा, असं तो सांगतो. त्यामुळे १९८२ चे नियम लागू असताना सुटलेल्यांच्या बाबतीत डिस्चार्ज बुकातलं कारण न बदलताही अपंगत्व पेन्शनचा मुद्दा उभा राहू शकतो. कित्येकदा हाच छोटा रस्ता असतो. पुढे २००८ आणि २०२३ मध्ये नवे नियम आले, म्हणून इथेही सुटण्याची तारीख आधी पाहा.

या प्रकारातला सर्वांत घातक कागद म्हणजे ‘अनविलिंगनेस सर्टिफिकेट’. आजारी जवानापुढे छापील नमुना ठेवला जातो: मला शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर (हलक्या कामाच्या जागेवर) राहायची इच्छा नाही. तो सही करतो, आणि पुढे कधी कधी त्याचाच ‘ऑन हिज ओन रिक्वेस्ट’ (स्वतःच्या विनंतीवरून) होतो. हलक्या कामावर राहायला नकार देणं आणि घरगुती अडचणीमुळे नोकरी सोडायचा अर्ज करणं, या दोन गोष्टी एक नाहीत. तुमच्या फाईलमध्ये दुसऱ्या प्रकारचा, स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज आहे का? नसेल, तर त्याचं ‘नसणं’ हाच पुरावा.

तिसरी, कारण खरंच वादग्रस्त असणं. चार रेड इंक एंट्र्या (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या म्हणून ‘अनडिझायरेबल’ ठरवून घरी पाठवलं, ही नेहमीची तक्रार. सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात याची पद्धत घालून दिली आहे: आधी प्राथमिक चौकशी, मग कारणे दाखवा नोटीस, आणि निर्णय घेताना लांब सेवा, कठीण ठिकाणच्या पोस्टिंगा आणि पेन्शन किती जवळ आली आहे याचा विचार. ‘वीरेंद्र कुमार दुबे’ खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की चार लाल नोंदींचा आकडा भरला म्हणजे आपोआप डिस्चार्ज नव्हे, चौकशी हवीच. त्या जवानाला मागचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनपात्र सेवेपर्यंत तो सेवेत होता असं मानून पेन्शन मिळाली. मागणी कुठवर ताणावी याचा हा चांगला अंदाज आहे. पाठीमागून पुन्हा नोकरी मागण्यापेक्षा ‘पेन्शनपुरती सेवा गृहीत धरा’ ही मागणी अधिक टिकते.

मात्र हातात चौकशीचे कागद असतील, नोटीस मिळाली असेल, उत्तरही दिलं असेल, आणि नोंदी दारू किंवा रजेवरून उशिरा येण्याच्या सारख्याच असतील, तर केस पातळ आहे हे स्वतःशी कबूल करा. २०१९ च्या ‘सतगुर सिंग’ निकालात जवानाचं अपील फेटाळलं गेलं. तो वाचल्याशिवाय ‘दुबे’वर विसंबू नका.

चौथी, कोर्ट मार्शलची शिक्षा. निकाल कायम झाल्यावर आर्मी ॲक्टच्या कलम १६४(२) ची याचिका, आणि न्यायाधिकरणात (आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये) त्याच्या कायद्याच्या कलम १५ खाली अपील. त्या अपिलाची मुदत ९० दिवस आहे, सहा महिने नव्हे.

कागद गोळा करणं: माहितीचा अधिकार

वकिलाच्या आधी कागद. डिस्चार्ज बुक एकटं घेऊन गेलात, तर कोणीही प्रामाणिक वकील तुम्हाला आधी रेकॉर्ड मागवायलाच सांगेल.

रेकॉर्ड ऑफिस तुमच्या रेजिमेंट किंवा कोअरप्रमाणे ठरतं, घराच्या पत्त्याप्रमाणे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला, नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला. महूच्या शाळांत कोर्स केला किंवा तिथे शेवटची पोस्टिंग होती म्हणून महूच्या ऑफिसांत खेटे घालू नका. तिथे तुमचं सर्व्हिस रेकॉर्ड नसतं. शेवटच्या युनिटला लिहूनही उपयोग कमीच. युनिट हललेलं असतं, आणि कागद केव्हाच रेकॉर्डला गेलेले असतात.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ऑनलाइन किंवा पोस्टल ऑर्डर लावून. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित. प्रतींना पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, पुढे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. सेनेला या कायद्यातून सरसकट सूट नाही, त्यामुळे स्वतःचे सेवा-कागद मागताना कचरू नका.

अर्जात ‘माझ्या डिस्चार्जची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. नग मोजून मागा:

शीट रोलची (सेवेच्या मूळ नोंदपत्रकाची) सर्व पानं. डिस्चार्जचा मूळ आदेश आणि त्यावर सही करणाऱ्याचं पद. डिस्चार्ज प्रसिद्ध करणारा पार्ट टू ऑर्डर, क्रमांक आणि तारखेसह. फाईलवरची टिपणं. कारणे दाखवा नोटीस, तिची पोच आणि उत्तर. प्राथमिक चौकशीचे कागद. कंडक्ट शीट (शिक्षांची नोंद). स्वतः दिलेला सुटकेचा अर्ज किंवा अनविलिंगनेस सर्टिफिकेट. वैद्यकीय प्रकरण असेल तर श्रेणी ठरवणाऱ्या प्रत्येक बोर्डाचा एएफएमएसएफ-१५ हा फॉर्म आणि शेवटच्या रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग बोर्डाचा एएफएमएसएफ-१६, सगळी पानं.

‘कागद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. चौकशी झालीच नसेल तर तिचा कागद कुठून असणार? ते उत्तर जपून ठेवा, पुढे तेच परिशिष्ट होईल. पण दुसरी शक्यता खरी धोक्याची आहे. पेन्शन नसलेल्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात, आणि मग हाती फक्त लाँग रोलचा (थोडक्यात नोंदींच्या वहीचा) उतारा उरतो. २००१-०२ मध्ये बिनपेन्शन सुटलेला कोणी घरात असेल तर हा अर्ज आजच टाका.

कागद आल्यावर ते तारखेच्या क्रमानं लावा आणि एक तपासणी करा: सही करणारा अधिकारी तक्त्यात त्या कारणासाठी दिलेला अधिकारीच आहे का? तीन (पाच) चा आदेश कमांडिंग ऑफिसरच्या सहीनं निघालेला असेल तर पाया तिथेच ढिला आहे. दुसरी तपासणी तारखांची. नोटिशीची तारीख आणि आदेशाची तारीख यांत उत्तराला पुरेसे दिवस होते का? मेडिकल बोर्ड आदेशाच्या आधी झालं की नंतर? हे गणित वकील करील असं समजू नका, घरच्या टेबलावर एका संध्याकाळी होतं.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

अर्ज ‘ऑफिसर-इन-चार्ज रेकॉर्ड्स’ यांच्या नावे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मांडणारा अर्ज देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, पण व्यवहारात इंग्रजी किंवा हिंदीत द्या. भाषेवरून महिना वाया घालवण्यात अर्थ नाही.

दोन पानांत बसवा. वरती आर्मी नंबर, हुद्दा, नाव, ट्रेड, शेवटचं युनिट, भरती आणि सुटकेची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक असेल तर तो. मग सध्याची नोंद अक्षर न बदलता उतरवा, आणि तिच्याखाली ती काय असायला हवी ते लिहा. त्यानंतर कारणं, प्रत्येक कारणाला परिशिष्टाचं पान. शेवटी मागण्या. मागण्यांचा मजकूर मराठीत असा होईल:

‘‘(क) अमुक क्रमांकाचा, अमुक तारखेचा पार्ट टू ऑर्डर रद्द करून माझी सुटका नियम १३(३), आयटम तीन (तीन) खाली झाल्याचा नवा ऑर्डर प्रसिद्ध करावा. (ख) त्यानुसार शीट रोल आणि डिस्चार्ज बुक दुरुस्त करून प्रमाणित प्रत द्यावी. (ग) पेन्शनवर होणारा परिणाम लक्षात घेऊन पेन्शन मंजुरी कार्यालयाकडे सुधारित पीपीओसाठी प्रकरण पाठवावं. (घ) मागणी मान्य नसल्यास नियमाचा हवाला देऊन कारणांसह लेखी आदेश द्यावा.’’

(घ) विसरू नका. नाहीतर ‘तुमची सुटका नियमानुसार झाली आहे’ एवढ्या एका ओळीचं उत्तर येतं, आणि त्या ओळीशी भांडायचं कसं?

अर्जात करू नये असं बरंच काही आहे. कमांडिंग ऑफिसरनं वैरातून केलं, सुभेदारसाहेबांनी फसवलं असं पुराव्याशिवाय लिहू नका; प्रकरण लगेच ‘आरोप’ म्हणून वेगळ्या टेबलावर जातं. कौटुंबिक हलाखी एका वाक्यात पुरे, कारण हा दयेचा अर्ज नाही. दयेचा अर्ज करायचाच असेल तर तो वेगळा, सेनाप्रमुखांच्या नावे. आणि एकाच अर्जात कारणाची दुरुस्ती, जन्मतारीख, बायकोचं नाव असं सगळं कोंबू नका.

स्पीड पोस्टनं पाठवा, पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा. काही काळानं साइटवरून ते नाहीसं होतं. मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका.

अपंगत्व पेन्शनचा दावा नाकारला गेला असेल तर त्याची शिडी वेगळी आहे: सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही नाकारलं तर दुसऱ्या समितीकडे अपील. तिथे ‘दुखणं सेवेमुळे नाही आणि सेवेमुळे वाढलंही नाही’ या शेऱ्याविरुद्ध ‘धरमवीर सिंग’ (२०१३) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामाला येतो. भरतीच्या वेळी जे दुखणं नोंदलेलं नव्हतं ते सेवेतच आलं असं मानायचं. तसं नसल्याचं दाखवण्याची जबाबदारी सरकारची. ‘सुखविंदर सिंग’ (२०१४) मध्ये तर आजारामुळे सेवेतून काढलेल्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वर धरावं असं म्हटलं आहे.

घड्याळ

चांगल्या केसेस मरतात त्या इथे. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल ॲक्ट २००७ च्या कलम २१ प्रमाणे आधी खात्याकडे दाद मागायची, आणि कलम २२ मध्ये मुदत. अंतिम उत्तर आलं तर त्या तारखेपासून सहा महिने. उत्तरच आलं नाही, तर अर्जापासून सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत दाखल करायचं.

समजा अर्ज ५ जानेवारी २०२६ ला केला. २० मार्चला नकार आला, तर २० सप्टेंबर २०२६ पर्यंत वेळ. काहीच आलं नाही, तर ५ जुलैपर्यंत वाट पाहायची आणि ५ जानेवारी २०२७ च्या आत दाखल. मधल्या स्मरणपत्रांनी हे घड्याळ मागे जात नाही. वकिलाच्या नोटिशीनंही नाही, आणि मंत्र्यांना किंवा खासदारांना दिलेल्या निवेदनानं तर नाहीच. ‘साहेब बघतो म्हणालेत’ या भरवशावर वर्ष गेलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

जुनं प्रकरण असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत लागतो, आणि पटेल असं कारण. इथे एक भेद समजून घ्या. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून ते ‘चालू राहणारं नुकसान’ धरलं जातं. ‘तरसेम सिंग’ निकालानुसार (२००८) अशा दाव्यात उशीर आड येत नाही, पण थकबाकी सहसा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. डिस्चार्जचा आदेश मात्र एकदाच घडतो. त्यामुळे ‘पंधरा वर्षांपूर्वीचा डिस्चार्ज रद्द करा’ हे अवघड, आणि ‘त्याच कागदांवर अपंगत्व पेन्शन द्या’ हे त्या मानानं सोपं. जुन्या प्रकरणात मागणीची मांडणी या भेदावरच करावी.

जबलपूरची वारी

इंदूर, महू, ग्वाल्हेर कुठलेही असा, मध्य प्रदेशासाठी न्यायाधिकरणाचं पीठ जबलपूरला आहे. वडोदऱ्याच्या मंडळींना मुंबई. सेवा संपलेल्याला तो जिथे राहतो तिथल्या पीठाकडे जाता येतं, म्हणून मराठा रेजिमेंटचे असलात तरी बेळगावच्या बाजूला जायची गरज नाही. पण त्यासाठी इंदूरचा रहिवास दाखवणारा कागद लावा. आधारवर अजून गावचा पत्ता असेल तर आधी तो बदला.

अर्जाला ओरिजिनल ॲप्लिकेशन, बोलीत ‘ओए’, म्हणतात. काम इंग्रजीत चालतं, म्हणून हिंदी कागदांचे अनुवाद जोडावे लागतात. स्वतः उभं राहता येतं. लिखाणातल्या चुकीच्या दुरुस्तीपुरतं ते जमेलही, तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात नको. वकील निवडताना तो नियम १३ चा तक्ता कागद न बघता सांगू शकतो का, एवढं पाहा. जिल्हा कोर्टात उत्तम चालणारा वकील इथे नवखा असू शकतो. फी परवडत नसेल तर २०२५ मध्ये नाल्सानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) सुरू केलेल्या ‘वीर परिवार सहायता योजने’खाली सैनिक बोर्डांमधून कायदेशीर मदतीची सोय केली आहे. सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढायची ती यासाठी. रात्रीची इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट धरली तर सकाळी पोहोचता येतं, पण प्रत्येक तारखेला तुम्ही हजर असण्याची गरज नसते, हे वकिलाला आधी विचारून घ्या. पीठावर सदस्य नसले की तारखा लांबतात.

मुख्य मागणीच्या खाली पर्यायी मागणी नक्की ठेवा. कारण बदलून मिळालं नाही तरी ‘निदान अपंगत्वाचा भाग मंजूर करावा’, किंवा ‘बडतर्फीऐवजी डिस्चार्ज मानावा’. कोर्ट मार्शलच्या अपिलात शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला कायद्यानंच दिला आहे.

जवान हयात नसेल तर पत्नी किंवा वारस हा दावा चालवू शकतात. कायदा तसं स्पष्ट म्हणतो. उच्च न्यायालयाचं दारही बंद नाही. ‘परशोत्तम दास’ निकालात (२०२३) सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधिकरणाच्या आदेशांवर राज्यघटनेच्या कलम २२६ ची याचिका चालते असं सांगितलं.

आदेश हाती आल्यावर

निकाल जिंकला म्हणजे नोंद बदलली असं नाही. आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिसला स्वतः पाठवा, सरकारी वकिलाकडून जाईल म्हणून बसू नका. दिलेली मुदत उलटली तर अंमलबजावणीचा अर्ज. नवा पार्ट टू ऑर्डर निघाला की त्याचा क्रमांक मागून घ्या. पुढच्या प्रत्येक ठिकाणी तोच विचारला जाईल. पेन्शनमध्ये फरक पडत असेल तर प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ येतो आणि तो ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसायला हवा. तिथे ‘डिस्चार्जचा प्रकार’ जुनाच राहिला, तर पुढे ओळखपत्र आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) दोन्हीकडे अडतं, म्हणून लॉगिन करून ते पान स्वतः तपासा.

मग डिस्चार्ज बुक. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसच्या सही-शिक्क्यानिशी, ऑर्डरचा क्रमांक लिहूनच व्हायला हवी. कोणी ‘ओळखीनं’ पेनानं खाडाखोड करून देतो म्हणाला तर पुस्तक त्याच्या हातात देऊ नका. पडताळणीत ते मूळ नोंदीशी जुळत नाही, आणि मग खोट्या कागदाचा गुन्हा तुमच्यावर. पुस्तक लॅमिनेट केलेलं असेल तर त्यावर नोंद करता येत नाही, आणि प्लॅस्टिक सोलताना शाई निघते. अशा वेळी रेकॉर्ड ऑफिसला तसं कळवून दुसरी प्रत मागा, आणि जुनी त्यांच्याकडे जमा केल्याची पावती घ्या. नवी प्रत आली की तिच्या रंगीत झेरॉक्स काढा, मूळ पुस्तक साध्या कापडी पिशवीत ठेवा, आणि सैनिक कल्याण कार्यालयातली तुमची नोंद त्याच महिन्यात नव्यानं करून घ्या.